मंडळीच्या हाती कारभार : चर्चमधील सामायिक अधिकार आणि स्वेच्छेचे सभासदत्व

चर्च म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर पोप, आर्चबिशप, बिशप आणि धर्मगुरू अशी उतरंड उभी राहते. ख्रिस्ती जगाचा मोठा भाग या रचनेने चालतो, हे खरेच आहे. तथापि याच धर्मात सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून एक निराळी परंपराही नांदत आली आहे. तिच्या मते, एका ठिकाणी उपासनेसाठी जमणाऱ्या श्रद्धावंतांची सभा हेच संपूर्ण चर्च होय. पाळक नेमणे, नवा सभासद घेणे, चुकलेल्यास समज देणे, प्रसंगी त्यास वगळणे आणि जमाखर्च मंजूर करणे हे सर्व अधिकार त्या सभेचे. तिच्या वर बसून हुकूम सोडणारी दुसरी धर्मसत्ता नाही. या पद्धतीस ‘काँग्रिगेशनल’, म्हणजे मंडळीप्रधान, पद्धती म्हणतात.

हा विचार दोन खांबांवर उभा आहे. पहिला, अधिकार सर्व सभासदांत सामायिक असावा; दुसरा, सभासदत्व स्वेच्छेचे असावे. हे दोन्ही खांब एकमेकांच्या आधारानेच टिकतात. जो आपल्या इच्छेने आत आला आहे, त्यालाच कारभारात बोलण्याचा नैतिक हक्क पोहोचतो. आणि ज्याला बोलण्याचा हक्क आहे, त्याचेच राहणे खरोखर स्वेच्छेचे असते. यातील एक खांब खचला की दुसराही कलतो, असे या परंपरेचा इतिहास सांगतो. कधी राज्यसत्तेने, कधी वारसाहक्काने, तर कधी पैशाने हा खांब खचवला आहे.

तीन पद्धती

चर्चच्या कारभाराच्या स्थूलमानाने तीन पद्धती मानल्या जातात. पहिली बिशपप्रधान. रोमन कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि अँग्लिकन चर्चमध्ये ती आढळते. येथे अधिकार बिशपकडे असतो आणि तो प्रेषितांपासून अखंड परंपरेने आला, अशी श्रद्धा असते. दुसरी प्रेसबिटेरियन, म्हणजे वडिलांच्या सभांची. जिनिव्हातील जॉन कॅल्व्हिन यांच्या विचारांतून ती आकारास आली आणि स्कॉटलंडमध्ये रुजली. तीत स्थानिक मंडळीतील वडील आणि पाळक मिळून कारभार पाहतात, मात्र वरच्या सभांचा निर्णय खालच्या मंडळ्यांवर बंधनकारक असतो. तिसरी मंडळीप्रधान. काँग्रिगेशनल आणि बॅप्टिस्ट चर्चेस ही तिची ठळक उदाहरणे होत.

मराठी प्रॉटेस्टंट ख्रिस्ती लोक चर्चला ‘मंडळी’ म्हणतात, ही गोष्ट येथे लक्षात घेण्याजोगी आहे. नव्या करारातील मूळ ग्रीक शब्द ‘एक्लेसिया’. ग्रीक नगरराज्यांत नागरिकांच्या सभेला हाच शब्द वापरीत. ‘मंडळी’ या शब्दात इमारत येत नाही, पदाधिकारीही येत नाहीत. येतात ती जमलेली माणसे. मंडळीप्रधान पद्धतीचे पुरस्कर्ते आपला सारा युक्तिवाद याच अर्थावर उभा करतात.

फासापर्यंत गेलेला विचार

राणी एलिझाबेथ पहिली हिच्या काळात इंग्लंडमध्ये जन्मास येणारे प्रत्येक मूल राष्ट्रीय चर्चचे सभासद गणले जाई. रविवारी चर्चला न जाणाऱ्यास १५५९ च्या कायद्याने १२ पेन्स दंड होता. १५८१ मध्ये तो महिन्याला २० पौंडांपर्यंत वाढवण्यात आला. म्हणजे सभासदत्व जन्माने मिळे आणि दंडाच्या भयाने टिके.

याविरुद्ध रॉबर्ट ब्राऊन यांनी बंड केले. केंब्रिजला शिकलेल्या ब्राऊन यांनी १५८१ च्या सुमारास नॉरिच येथे स्वतंत्र मंडळी स्थापन केली आणि छळामुळे अनुयायांसह हॉलंडमधील मिडलबर्ग गाठले. तेथून १५८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लिखाणात त्यांनी दोन मुद्दे मांडले. धर्मसुधारणेसाठी राजाच्या आज्ञेची वाट पाहू नये. आणि ज्यांनी परमेश्वराशी व एकमेकांशी स्वखुशीने करार केला आहे, अशांचीच मंडळी खरी. ही पुस्तके वाटल्याच्या आरोपावरून १५८३ मध्ये जॉन कॉपिंग आणि एलायस थॅकर या दोघांना बरी सेंट एडमंड्स येथे फाशी देण्यात आले. पुढे १५९३ मध्ये हेन्री बॅरो, जॉन ग्रीनवुड आणि जॉन पेन्री यांनाही फासावर जावे लागले.

ब्राऊन यांची स्वतःची कहाणी मात्र वेगळ्या वळणाने गेली. मिडलबर्गच्या मंडळीत भांडणे माजली, ती फुटली, आणि ब्राऊन इंग्लंडला परतून राष्ट्रीय चर्चमध्ये सामील झाले. पुढे त्यांनी तेथेच धर्मगुरूची जागा पत्करली. सर्वांना बोलण्याचा हक्क दिला की सर्वांचे ऐकूनही घ्यावे लागते, आणि ते सोपे नसते, हा धडा या परंपरेने आरंभीच घेतला.

पाळकाविना नऊ वर्षे

इंग्लंडमधील स्क्रूबी या खेड्यातील अशीच एक मंडळी १६०८ मध्ये ॲम्स्टरडॅमला व १६०९ मध्ये लायडनला गेली. जॉन रॉबिन्सन हे तिचे पाळक. तिच्यातील काही जण १६२० मध्ये ‘मेफ्लॉवर’ जहाजाने अमेरिकेस निघाले. किनाऱ्यावर उतरण्यापूर्वी जहाजावरील ४१ पुरुषांनी आपण मिळून एक नागरी समाज स्थापन करीत आहोत, अशा आशयाच्या करारावर सह्या केल्या. मंडळी स्थापन करण्याची जी रीत त्यांच्या अंगवळणी पडली होती, तिचेच हे नागरी रूप होते.

रॉबिन्सन लायडनलाच राहिले आणि १६२५ मध्ये तेथेच वारले. प्लिमथच्या वसाहतीत १६२९ पर्यंत दीक्षित पाळक नव्हता. विल्यम ब्रूस्टर हे वडील उपदेश करीत. परंतु बाप्तिस्मा व प्रभुभोजन हे विधी पाळकाविना होत नसत. तरीही मंडळी मोडली नाही. पाळक मंडळीचा सेवक असून मंडळी त्याच्यामुळे अस्तित्वात येत नाही, हा सिद्धान्त येथे प्रत्यक्ष कसोटीस उतरला.

सेलम येथे १६२९ मध्ये याच्या पुढचे पाऊल पडले. सॅम्युअल स्केल्टन आणि फ्रान्सिस हिगिन्सन या दोघांना इंग्लंडच्या चर्चची दीक्षा आधीच मिळालेली होती. तरीही सेलमच्या लोकांनी मतदान करून त्यांची निवड केली आणि सभासदांनीच मस्तकावर हात ठेवून त्यांना पदावर नेमले. बिशपने दिलेली दीक्षा येथे पुरेशी ठरली नाही. लोकांची निवड आवश्यक मानली गेली.

केंब्रिजचा मसुदा

मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे धर्मसभेने १६४८ मध्ये या पद्धतीचा तपशीलवार मसुदा तयार केला. ‘केंब्रिज प्लॅटफॉर्म’ या नावाने तो ओळखला जातो. मंडळी सभासदांच्या परस्पर करारातून बनते. पदाधिकारी निवडण्याचा अधिकार सभासदांचा असतो. आणि निवडणारे त्यांना पदावरून दूरही करू शकतात, अशी त्याची मांडणी आहे. एका मंडळीने दुसरीवर अधिकार गाजवू नये. अडचणीच्या वेळी शेजारच्या मंडळ्यांनी सल्ला द्यावा, असेही तो सांगतो.

ही निव्वळ लोकशाही होती, असे मात्र म्हणता येत नाही. मसुद्याच्या कर्त्यांनी आपल्या पद्धतीस संमिश्र राज्यपद्धती म्हटले आहे. ख्रिस्त मस्तक असल्याने ती राजसत्ता, सभासदांच्या हाती अधिकार असल्याने ती लोकसत्ता, आणि वडिलांच्या हाती दैनंदिन कारभार असल्याने ती श्रेष्ठजनांची सत्ता. इंग्लंडमधील काँग्रिगेशनल मंडळ्यांनी १६५८ मध्ये लंडनच्या सॅव्हॉय येथे असाच जाहीरनामा काढला.

केंब्रिजच्या मसुद्यात दोन उणिवा होत्या. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात अनेक मंडळ्यांत स्त्रियांची संख्या पुरुषांहून अधिक असली, तरी मत देण्याचा हक्क सामान्यतः पुरुषांपुरताच होता. दुसरे असे की, सभासदाने सबळ कारणाखेरीज आणि मंडळीच्या संमतीविना तिला सोडून जाऊ नये, असे मसुद्याने बजावले होते. आत येणे इच्छेवर अवलंबून होते. बाहेर पडणे तितके मोकळे नव्हते.

मतदानाचा हक्क आणि चर्चचा कर

यापेक्षा मोठी अडचण राज्यसत्तेशी जडलेल्या नात्यातून आली. मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीत १६३१ मध्ये असा नियम झाला की, मंडळीच्या सभासदांनाच नागरी मतदानाचा हक्क मिळेल. पाठोपाठ त्या दशकातच उपासनेस हजेरी सक्तीची झाली आणि पाळकाच्या वेतनासाठी सर्व रहिवाशांवर, सभासद असोत वा नसोत, कराचा बोजा आला. इंग्लंडमधील सक्तीला कंटाळून निघालेल्यांनी नव्या भूमीत आपली सक्ती उभी केली.

या विसंगतीवर रॉजर विल्यम्स यांनी बोट ठेवले. श्रद्धेच्या बाबतीत शासनाला दंड करण्याचा अधिकार नाही, असे ते सांगत. १६३५ मध्ये त्यांना हद्दपारीची शिक्षा झाली. ऐन हिवाळ्यात वसाहत सोडून त्यांनी १६३६ मध्ये प्रॉव्हिडन्स वसवले आणि तेथे धर्माच्या नावावर कोणावरही सक्ती करावयाची नाही, असे ठरवले.

विल्यम्स यांच्या आधी हा विचार इंग्रज बॅप्टिस्टांनी मांडला होता. जॉन स्मिथ यांनी १६०९ मध्ये ॲम्स्टरडॅम येथे स्वतःला नव्याने बाप्तिस्मा करून घेतला. तान्ह्या मुलाची इच्छा कोणी विचारलेली नसते, म्हणून त्याचा बाप्तिस्मा खरा नव्हे, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्यांचे सहकारी टॉमस हेल्विस यांनी १६१२ मध्ये इंग्लंडला परतून बॅप्टिस्ट मंडळी स्थापन केली आणि राजाला प्रजेच्या आत्म्यावर अधिकार नाही, असे छापून प्रसिद्ध केले. हेल्विस तुरुंगात गेले आणि पुन्हा बाहेर आले नाहीत.

मुलांचे काय?

काँग्रिगेशनल मंडळ्यांनी बालबाप्तिस्मा कायम ठेवला होता. त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या पिढीत पेच निर्माण झाला. १६३० च्या दशकाच्या मध्यापासून पूर्ण सभासद होऊ इच्छिणाऱ्याने आपल्या धर्मानुभवाचे निवेदन मंडळीसमोर करावे, अशी अट रूढ झाली होती. बाप्तिस्मा झालेली अनेक मुले मोठी झाली, पण त्यांना असे निवेदन करता येईना. मग त्यांच्या मुलांना बाप्तिस्मा द्यावयाचा की नाही?

१६६२ च्या धर्मसभेने मधला मार्ग काढला. अशा पालकांनी मंडळीचा करार मान्य केला आणि त्यांचे आचरण निष्कलंक असेल, तर मुलांना बाप्तिस्मा द्यावा. परंतु पालकांना प्रभुभोजनात वाटा आणि मतदानाचा हक्क नसावा. टीकाकारांनी यास ‘अर्धा करार’ हे नाव दिले आणि तेच रूढ झाले. एकाच मंडळीत पूर्ण आणि अर्धे असे दोन प्रकारचे सभासद निर्माण झाले.

हा वाद पुढे किती तीव्र झाला, हे नॉर्थॅम्प्टन येथे दिसले. तेथील पाळक जोनाथन एडवर्ड्स हे अमेरिकेतील अठराव्या शतकातील अग्रगण्य धर्मचिंतक. त्यांचे आजोबा सॉलोमन स्टॉडर्ड यांनी याच मंडळीत प्रभुभोजनाचे दार बरेच मोकळे केले होते. एडवर्ड्स यांनी श्रद्धेच्या स्पष्ट कबुलीची अट पुन्हा घालण्याचे ठरवताच मंडळी बिथरली. जून १७५० मध्ये झालेल्या मतदानात २०० हून अधिक सभासद त्यांच्या विरोधात गेले आणि अवघे २३ बाजूने राहिले. २० हून अधिक वर्षे सेवा केलेल्या पाळकास पद सोडावे लागले. सभासद कोण, याविषयीचा पाळकाचा निर्णय सभासदांनीच फेटाळला होता. सामायिक अधिकाराचा अर्थ इतका कठोर असू शकतो.

लॉक यांची व्याख्या

इंग्लिश तत्त्वज्ञ जॉन लॉक यांचे सहिष्णुतेविषयीचे पत्र १६८९ मध्ये प्रसिद्ध झाले. चर्च ही माणसांनी स्वेच्छेने एकत्र येऊन बनवलेली संस्था आहे, कोणीही जन्मतः तिचा सभासद नसतो, असे त्यांनी त्यात प्रतिपादिले. यातून त्यांनी दोन निष्कर्ष काढले. ज्या आशेने माणूस आत आला ती फळली नाही, तर बाहेर जाण्याची त्याला तितकीच मोकळीक हवी. आणि संस्थेला सभासद वगळण्याचा हक्क असला, तरी त्यामुळे त्याची मालमत्ता वा नागरी हक्क यांना धक्का लागता कामा नये. केंब्रिजच्या मसुद्यात जी उणीव राहिली होती, ती लॉक यांच्या मांडणीत भरून निघते.

मॅसॅच्युसेट्समधील इप्सविचचे पाळक जॉन वाईज यांनी १७१७ च्या ग्रंथात मंडळीप्रधान पद्धतीचे समर्थन निसर्गदत्त समानतेच्या आधारे केले. मंडळ्यांवर पाळकांच्या सभांचे नियंत्रण आणण्याच्या प्रस्तावाला त्यांचा विरोध होता. हा ग्रंथ १७७२ मध्ये, अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या तोंडावर, पुन्हा छापण्यात आला.

इमारत कोणाची?

तत्त्वाचा प्रश्न बहुधा मालमत्तेपाशी येऊन थांबतो. मॅसॅच्युसेट्समधील डेडम येथे १८१८ मध्ये पाळकाची जागा रिकामी झाली. कर भरणाऱ्या रहिवाशांच्या सभेने उदारमतवादी ॲल्व्हन लॅमसन यांना निवडले. मंडळीच्या सभासदांपैकी बहुसंख्यांनी त्यांना नाकारले आणि ते बाहेर पडले. मालमत्तेचा दावा न्यायालयात गेला. करदात्यांच्या सभेपासून वेगळे असे मंडळीला कायदेशीर अस्तित्व नाही, असा निर्णय १८२० मध्ये झाला. मंडळीतील बहुमत बाहेर आणि इमारत, निधी आत, अशी स्थिती झाली. इतर अनेक गावांतही हेच घडले. १८३३ मध्ये मॅसॅच्युसेट्सने चर्चसाठी कर घेणे बंद केले आणि सभासदत्व खऱ्या अर्थाने स्वेच्छेचे झाले.

स्थानिक स्वायत्ततेमुळे एखाद्या छोट्या मंडळीला मोठे पाऊल उचलता येते, हेही नोंदवले पाहिजे. न्यूयॉर्क राज्यातील साऊथ बटलर या गावाच्या काँग्रिगेशनल मंडळीने १८५३ मध्ये अँटोनेट ब्राऊन यांना पाळकपदाची दीक्षा दिली. अमेरिकेतील मान्यताप्राप्त पंथात दीक्षा मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री मानल्या जातात. वरिष्ठ धर्मसत्तेची परवानगी लागली असती, तर हे त्या वर्षी घडले नसते.

अहमदनगरच्या मंडळ्या

ही परंपरा महाराष्ट्रात आली ती अमेरिकन मिशनबरोबर. १८१० मध्ये मुख्यतः काँग्रिगेशनल मंडळ्यांनी स्थापन केलेल्या अमेरिकन बोर्डाचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट १८१३ मध्ये मुंबईत उतरले. १८३१ मध्ये अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे केंद्र सुरू झाले आणि १८३३ मध्ये तेथे मंडळी स्थापन झाली. ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक याच मिशनने १८४२ मध्ये काढले.

येथे प्रश्न पैशाचा होता. पाळक निवडण्याचा हक्क तत्त्वतः मंडळीचा. परंतु वेतन मिशनकडून येत असेल, तर त्या हक्काला अर्थ किती? बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन यांना हा पेच दिसत होता. मंडळी स्वतःचा कारभार करणारी, स्वतःचा खर्च भागवणारी आणि स्वतःहून धर्मप्रसार करणारी असावी, हे त्रिसूत्र त्यांनी आणि इंग्लंडमधील चर्च मिशनरी सोसायटीचे हेन्री व्हेन यांनी मांडले. अँडरसन १८५४-५५ मध्ये स्वतः भारतात आले होते. हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना १८५४ मध्ये पाळकपदाची दीक्षा देऊन अहमदनगरच्या मंडळ्या त्यांच्याकडे सोपवण्यात आल्या. तरीही मिशनच्या पैशाचे वजन पुढे अनेक दशके कमी झाले नाही.

या वजनाची जाणीव कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक यांना तीव्रतेने झाली. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि सातारा येथे ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना त्यात स्थान होते. सभासदत्वाची सीमा विधीने आखावी की श्रद्धेने, हा न्यू इंग्लंडमधील जुना प्रश्न येथे मराठी मातीतून आणि भक्तिपरंपरेच्या भाषेत पुन्हा उभा राहिला. १९१९ मध्ये टिळकांचे निधन झाल्याने हा प्रयोग मोठा होऊ शकला नाही.

एकीकरण आणि स्वायत्तता

विसाव्या शतकात निरनिराळे पंथ एकत्र येऊ लागले, तेव्हा नवा पेच पडला. स्वतंत्र मंडळ्यांच्या वतीने एकीकरणाचा करार करणार कोण? अमेरिकेत ब्रुकलिनच्या कॅडमन मेमोरियल मंडळीने याच मुद्द्यावर दावा लावला. १९५० मध्ये निकाल तिच्या बाजूने लागला. १९५३ मध्ये न्यूयॉर्कच्या अपील न्यायालयात ती हरली. १९५७ मध्ये ‘युनायटेड चर्च ऑफ ख्राईस्ट’ स्थापन झाले. ज्या मंडळ्यांना ते नको होते, त्यांनी १९५५ मध्येच आपली वेगळी संघटना उभारली होती.

भारतात वाट निराळी होती. १९२४ मध्ये उत्तर व पश्चिम भारतातील प्रेसबिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्या ‘युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया’त एकत्र आल्या. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे हे चर्च, अँग्लिकन, बॅप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स आणि ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट अशा सहा घटकांतून ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ जन्मास आले. त्याच्या घटनेत तिन्ही पद्धतींचा मेळ आहे. बिशप आहेत, पण ते घटनेने बांधलेले. निवडलेल्या प्रतिनिधींच्या सभा आहेत. आणि स्थानिक मंडळीची निवडलेली समितीही आहे. बालबाप्तिस्मा आणि प्रौढ वयात स्वतःच्या कबुलीवर घेतलेला बाप्तिस्मा, दोन्ही येथे मान्य आहेत.

अशा मिश्र घटनेत बिशपने किती करावे, समितीने किती आणि सभासदांच्या सभेने किती, यावर मतभेद होतच राहतात. ते सोडवताना जुन्या परंपरेतले चार प्रश्न आजही उपयोगी पडतात. सभासद कोणाला म्हणावयाचे? मत कोणाला आहे? खर्च कोण भागवतो? आणि न पटल्यास आपले काही न गमावता बाहेर पडता येते काय? नॉरिच, सेलम, डेडम आणि अहमदनगर येथील मंडळ्यांना या प्रश्नांची उत्तरे प्रत्येक पिढीत नव्याने शोधावी लागली.